संगणकावर ब्ल्यू-रे तबकडी : योग्य सॉफ्टवेअरची निवड

नवीन वस्तु घरांत आली म्हणजे तिच्या बाह्य रूपाचें कौतुक आधीं होतें आणि तिच्या उपयोगाचा विचार मागाहून सुचतो. ब्ल्यू-रे तबकडीच्या बाबतींत हा क्रम विशेष महाग पडतो. सीताबर्डीच्या बाजारांतून ड्राइव्ह आणला, तो संगणकास जोडला, अमेरिकेंतील आप्तांनीं धाडलेली चित्रपटाची तबकडी आंत सरकविली, तरी पडद्यावर चित्र उमटेलच अशी खात्री नसते. अशा वेळीं तबकडी निर्दोष असते, ड्राइव्हही बहुधा निर्दोष असतो. उणीव असते ती तबकडीवरील मजकूर वाचून त्याचें चित्रांत व ध्वनींत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरची. हें सॉफ्टवेअर कोणत्या कसोट्यांनीं निवडावें, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजेल अशा रीतीनें सांगण्याचें आम्ही प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

प्रथम तबकडीच्या घडणीकडे पाहूं. बारीक टोकाच्या लेखणीनें त्याच कागदावर अधिक ओळी मावतात, हा आपल्या वहीचाच अनुभव आहे. प्रकाशाच्या लेखणीसही हाच न्याय लागू पडतो. १९८२ सालीं विक्रीस आलेल्या सीडीसाठीं ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर किरण वापरतात. १९९६ च्या डीव्हीडीसाठीं ६५० नॅनोमीटरचा तांबडा. आणि २००६ सालीं चित्रपटांसह बाजारांत आलेल्या ब्ल्यू-रेसाठीं ४०५ नॅनोमीटरचा निळसर जांभळा. त्यामुळें शेजारच्या दोन ओळींतील अंतर सीडीवर १.६ मायक्रोमीटर, डीव्हीडीवर ०.७४, तर ब्ल्यू-रेवर केवळ ०.३२ इतकें राहिलें. सीडीवर सुमारें ७०० मेगाबाइट मजकूर मावतो, एका थराच्या डीव्हीडीवर ४.७ गिगाबाइट, आणि ब्ल्यू-रेच्या एका थरावर २५ व दोन थरांवर ५० गिगाबाइट. यावरून हेंही ध्यानीं येईल कीं केवळ डीव्हीडीचा ड्राइव्ह ब्ल्यू-रे तबकडी वाचूं शकत नाहीं. त्याचा तांबडा किरण ह्या कामास जाड पडतो. ह्या उणिवेवर कोणत्याही सॉफ्टवेअरचा इलाज चालत नाहीं. ड्राइव्हच ब्ल्यू-रेचा असावा लागतो.

आतां मुख्य अडचणीकडे वळूं. चित्रपटाच्या ब्ल्यू-रे तबकडीवरील मजकूर उघडा लिहिलेला नसतो. तो एएसीएस नांवाच्या पद्धतीनें सांकेतिक रूपांत बंद केलेला असतो. कुलूप तबकडीवर आणि किल्ली प्लेअरपाशीं, अशी ही योजना आहे. ज्या कंपनीस किल्ली पाहिजे असेल तिनें ह्या पद्धतीच्या चालकांशीं करार करावा, शुल्क भरावें आणि किल्ली गुप्त राखावी, असा नियम आहे. विंडोज किंवा मॅक ह्यांपैकीं कोणत्याही प्रणालीबरोबर अशी किल्ली येत नाहीं. म्हणून त्यांवर चित्रपटाची ब्ल्यू-रे तबकडी आपोआप चालत नाहीं.

किल्ली एकदां मिळाली म्हणजे जन्माची सोय झाली, असेंही नाहीं. २००७ सालीं विनडीव्हीडी ह्या सॉफ्टवेअरची किल्ली बाहेर फुटली, तेव्हां चालकांनीं ती रद्द केली. आणि कोरेल कंपनीनें काढलेली सुधारित आवृत्ति बसवून घेतल्यावांचून ग्राहकांस तबकड्या पाहण्याचा मार्ग उरला नाहीं. ग्राहकानें कांहींही अपराध केला नव्हता, तरी त्याच्या घरची किल्ली निरुपयोगी ठरली. ह्या गोष्टीवरून निवडीची पहिली कसोटी मिळते. सॉफ्टवेअरचें रूप किंवा त्याची किंमत पाहण्यापूर्वीं, त्याची कर्ती कंपनी आजही त्यास सुधारणा पुरविते कीं नाहीं, हें पाहावें.

दुसरी कसोटी आपल्या संग्रहाची आहे. आपल्याजवळ तबकड्या कोणत्या जातीच्या आहेत, हें ठरविल्यावांचून सॉफ्टवेअर ठरूं शकत नाहीं. स्थूलमानानें त्यांचे तीन वर्ग करतां येतील.

पहिला वर्ग घरगुती तबकड्यांचा. लग्न, मुंज, स्नेहसंमेलन अशा प्रसंगांचें चित्रण छायाचित्रकारानें किंवा घरच्याच मंडळींनीं ब्ल्यू-रेवर उतरविलेलें असतें, त्यास बहुधा कुलूप नसतें. त्यासाठीं पैसे खर्च करण्याचें कारण नाहीं. व्हीएलसी हें विनामूल्य सॉफ्टवेअर पुरेसें आहे. त्याची जन्मकथा विद्यार्थ्यांनीं अवश्य लक्षांत ठेवावी. पॅरिसजवळील एकोल सांत्राल ह्या अभियांत्रिकी विद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं १९९६ सालीं, आपल्या विद्यालयाच्या जाळ्यावरून चित्रफिती पाठविण्यासाठीं, हें काम हातीं घेतलें. २००१ सालीं त्यांनीं त्याची मूळ आज्ञावली जगास मोकळी करून दिली. रस्त्यावर ठेवतात तो नारिंगी शंकु ही त्याची खूण आहे. २०१२ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून त्यांत ब्ल्यू-रेची सोय आली. विद्यार्थ्यांच्या उद्योगांतून निघालेली ही वस्तु आज जगभर वापरली जाते, ही गोष्ट आमच्या बालवाचकांस उत्साह देणारी आहे.

दुसरा वर्ग विकत घेतलेल्या साधारण चित्रपट-तबकड्यांचा. ह्यांस कुलूप असतें, आणि व्हीएलसीपाशीं त्याची अधिकृत किल्ली नसते. बाहेरून मिळविलेल्या किल्ल्यांच्या याद्या बसवून काम साधण्याचा उपाय कित्येक सुचवितात. त्या मार्गानें जाऊं नये असें आमचें मत आहे. नवी तबकडी आली कीं जुनी यादी अपुरी पडते, ही व्यवहाराची अडचण झाली. त्याशिवाय, २०१२ सालीं आपल्या लेखाधिकार कायद्यांत ६५अ हें कलम घातलें गेलें असून, स्वामित्वहक्काचा भंग करण्याच्या हेतूनें असें कुलूप फोडणें हा दोन वर्षांपर्यंत कैद व दंड यांस पात्र असा अपराध आहे. म्हणून ह्या वर्गासाठीं परवाना घेतलेलें सॉफ्टवेअरच विकत घ्यावें. तैवानांतील सायबरलिंक कंपनीचें पॉवरडीव्हीडी हें त्यांतील सर्वांत परिचित नांव होय. परंतु येथेंही सावधपणा पाहिजे. एकाच नांवाच्या स्वस्त व महाग अशा अनेक आवृत्त्या असतात, आणि स्वस्त आवृत्ति केवळ डीव्हीडीपुरती असूं शकते. ‘ब्ल्यू-रे’ हा शब्द त्या विशिष्ट आवृत्तीच्या वर्णनांत स्पष्ट लिहिला आहे ना, हें वाचल्यावांचून पैसे देऊं नयेत.

तिसरा वर्ग २०१६ पासून निघालेल्या अल्ट्रा एचडी ब्ल्यू-रे तबकड्यांचा. ह्यांचें चित्र अधिक सूक्ष्म असतें, परंतु त्यांचें कुलूपही अधिक कडक असतें. संगणकावर त्या रीतसर चालविण्यासाठीं इंटेलच्या प्रोसेसरमधील एसजीएक्स नांवाची सुरक्षित कोठी आवश्यक ठरविण्यांत आली. पुढें अकराव्या पिढीच्या कोअर प्रोसेसरांपासून इंटेलनें ती कोठीच काढून टाकली! म्हणजे येथें संगणक जितका नवा तितकी अडचण मोठी, असा उलटा प्रकार झाला. ह्या तबकड्यांसाठीं सॉफ्टवेअर शोधीत बसण्यापेक्षां दूरदर्शन-संचास जोडण्याचा स्वतंत्र प्लेअर बरा, असा आमचा सल्ला आहे.

तिसरी कसोटी प्रदेशाची. ब्ल्यू-रेच्या व्यवहारासाठीं जगाचे ए, बी व सी असे तीन भाग पाडले आहेत. अमेरिका व जपान हे देश ए भागांत, युरोप व ऑस्ट्रेलिया बी भागांत, आणि भारत, चीन व रशिया सी भागांत येतात. सत्यजित राय यांच्या अपु-चित्रत्रयीच्या ज्या तबकड्या क्रायटेरियन संस्थेनें अमेरिकेंत २०१५ सालीं काढल्या, त्या ए भागासाठीं आहेत. भारतीय दिग्दर्शकाची कृति भारतीय घरीं अडून राहावी, असा हा चमत्कारिक योग आहे. परवानाधारक सॉफ्टवेअरमध्यें भाग बदलण्याची मुभा असते, पण ती मोजक्याच वेळां मिळते. म्हणून ती सहज थट्टेनें खर्चूं नये. परदेशांतून कोणी तबकडी आणणार असेल तर वेष्टनावरील भागाचें अक्षर पाहण्यास त्यास आधींच लिहून कळवावें. कित्येक तबकड्यांवर असें बंधन मुळींच नसतें; अल्ट्रा एचडी तबकड्यांवर तर तें ठेवलेलेंच नाहीं.

चौथी गोष्ट पडद्याची. परवानाधारक सॉफ्टवेअर चित्र पाठविण्यापूर्वीं पडदा व संगणक यांमधील दुवा सुरक्षित आहे कीं नाहीं, हें तपासतें. ह्या तपासणीस एचडीसीपी म्हणतात. जुन्या व्हीजीए तारेनें जोडलेल्या प्रोजेक्टरास ती उत्तरतां येत नाहीं. अशा वेळीं सॉफ्टवेअर चांगलें असूनही पडदा काळा राहतो. एचडीएमआय तार व तिला योग्य असा पडदा असल्याची खात्री करून घ्यावी.

सॉफ्टवेअर कोठून घ्यावें, हाही प्रश्न लहान नाहीं. २०२२ च्या आरंभापासून व्हीएलसीचें अधिकृत संकेतस्थळ भारतांत बंद राहिलें आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत तें पुन्हां खुलें झालें. अशा काळांत अनोळखी ठिकाणाहून तीच वस्तु घेण्याचा मोह होतो, आणि तिच्याबरोबर नको तो पाहुणा संगणकांत शिरतो. कर्त्याच्या स्वतःच्या स्थळावरूनच सॉफ्टवेअर उतरवून घ्यावें. विकत घेण्याचें असेल तर चाचणीची आवृत्ति आधीं चालवून पाहावी, मात्र तिच्यांत ब्ल्यू-रेचा भाग मोकळा आहे कीं नाहीं हें वाचून घ्यावें.

शेवटीं पालकांस एक विनंति. सोनी कंपनीनें फेब्रुवारी २०२५ मध्यें कोऱ्या ब्ल्यू-रे तबकड्यांचें उत्पादन थांबविलें. चित्रपटाची तबकडी चालली नाहीं तर तो चित्रपट अन्यत्र पाहतां येईल. परंतु आजोबांचा आवाज, आजीची ओवी किंवा मुलाचें पहिलें पाऊल ज्या घरगुती तबकडीवर आहे, ती दुसऱ्या कोणत्याही दुकानांत मिळावयाची नाहीं. अशा तबकड्यांस कुलूप नसतें, हें आम्ही वर सांगितलेंच आहे. नागपूरच्या वैशाखांत तापणाऱ्या माळ्यावर त्या पडूं देऊं नयेत. घरांतील मुलांनीं एखाद्या सुटीच्या दिवशीं ड्राइव्ह मिळवून त्या सर्व चालवून पाहाव्यात आणि त्यांच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या हार्ड डिस्कवर करून ठेवाव्यात. महाग सॉफ्टवेअर घेण्याचा विचार त्यानंतर करावा. कदाचित् त्याची गरजही पडणार नाहीं.