कुत्र्याला आकडी आली तर?

जुन्नर-आंबेगावात मळ्यावर कुत्रं असतंच. बिबट्याची चाहूल आधी त्यालाच लागते. तेच अचानक आडवं पडून पाय झाडायला लागलं की कुणी कांदा हुंगवतं, कुणी चप्पल. उपयोग शून्य. आकडी म्हणजे मेंदूतल्या पेशींनी एकाच वेळी बेसुमार विद्युत संदेश सोडणं. वासाने ते थांबत नाहीत.

तुम्ही काय कराल? घड्याळ बघा, आजूबाजूच्या वस्तू हलवा, मोबाइलवर व्हिडिओ घ्या. तोंडात हात किंवा पाणी घालू नका. रेबीजमध्येही झटके येतात, त्यामुळे लाळेपासून जपा. झटका 5 मिनिटांपेक्षा लांबला किंवा 24 तासांत दुसरा आला, तर लगेच पशुवैद्यकाकडे न्या.

तिथे कारण शोधलं जातं. टोमॅटो-द्राक्षांवर फवारायचं औषध पोटात गेल्याची शंका असेल तर त्याची बाटली सोबत न्या. डिस्टेंपरचा विषाणू मेंदूत शिरला तरी झटके येतात. हा विषाणू बिबट्या-सिंहांनाही होतो. 2018 मध्ये गीरच्या सिंहांत तो सापडला होता. म्हणजे कुत्र्याची लस जंगलाच्याही कामाची.

कारण सापडलं नाही आणि झटके येतच राहिले, तर डॉक्टर बहुधा फेनोबार्बिटल देतात. झटके थांबले म्हणून गोळी मनाने बंद करू नका; ते आणखी जोरात परततात.