डब्यातलं विमान

"अगं, या वयात खेळणी?" माझ्या बॅगेतला स्टीलचा डबा पाहून बायका हमखास हसतात. त्यात पोळीभाजी नसते, प्लॅस्टिकच्या विमानाचे सुटे भाग असतात!

मी राहते मुळशी तालुक्यातल्या नांदे गावी. पतसंस्थांच्या हिशेबतपासणीसाठी महिन्यातले आठ-दहा दिवस सोलापूर, लातूर, नांदेड असा मुक्काम असतो. सहाला काम संपतं. मग लॉजवर टीव्ही लावून घरचे फोन घ्यायचे. डाळीला शिट्ट्या किती? आजींची गोळी कुठंय?

एकदा मुलाला कोथरूडचं भाऊ जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय दाखवायला नेलं. १९९८ मध्ये सुरू झालेलं. मुलापेक्षा मीच जास्त रमले. लहानपणी दिवाळीतला किल्ला भाऊ बांधायचा, माझ्या वाट्याला फक्त हळीव पेरणं!

मग पहिलं मॉडेल आणलं 'नॅट'चं. १९६५ च्या युद्धात आपल्या हवाई दलानं वापरलेलं हे चिमुकलं लढाऊ विमान. प्रमाण १:७२, म्हणजे सहा फुटी माणूस एक इंचाचा. खरं विमान पावणेनऊ मीटर लांब, माझं जेमतेम बारा सेंटिमीटर.

एसटीत फक्त कृतीचा कागद वाचायचा. जोडाजोडी खोलीवर, वर्तमानपत्र पसरून. भाग नेलकटरनं सोडवायचे, कडा बारीक पॉलिश पेपरनं घासायच्या. भुवयांचा चिमटा बारीक भाग धरायला उत्तम. नेलपेंट रिमूव्हर मात्र लांब ठेवा, त्यानं हे प्लॅस्टिक विरघळतं. गोंद लावताना खिडकी उघडी हवी. विमानप्रवासात ब्लेड सामानाच्या बॅगेत टाका, पेट घेणारा गोंद मात्र नेऊच नका. नवखीनं बिनगोंदाचं, खटक्यानं बसणारं मॉडेल घ्यावं आणि पाण्यात कालवायचे रंग.

आपण रांधतो, विणतो, शिवतो ते सगळं कुणासाठी तरी. हे विमान कुणी खाणार नाही, कुणी अंगावर घालणार नाही. ते फक्त माझ्या आनंदाचं. सुरुवातीला याचंच अपराधी वाटायचं. आता घरी सांगून ठेवलंय, सात ते नऊ फोन नको. आणि गंमत म्हणजे, डाळ शिजते, गोळीही सापडते!

मैत्रिणींनो, विमानच हवं असं नाही. पण बाहेरगावच्या बॅगेत स्वतःसाठी एक डबा जरूर ठेवा.