वीज गेली आणि समुद्र थांबला



कसाऱ्याच्या लोकलने निघालात की आसनगावनंतर आमचे आटगाव लागते. येथून जवळच तानसा तलाव आहे. १८९२ साली बांधून पूर्ण झालेल्या या तलावाचे गोडे पाणी समुद्रकाठच्या मुंबईकडे जाते. आमच्या घरात मात्र उलटा उद्योग चालतो. समुद्र लोकलने सुमारे दोन तासांवर असताना आम्ही बैठकीच्या खोलीत खारे पाणी सांभाळत असतो!

शाळेच्या सहलीत मी मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले होते. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उघडलेले हे मत्स्यालय तुमच्या शिक्षकांपैकी अनेकांनी पाहिले असेल. तेथील रंगीबेरंगी सागरी मासे माझ्या मनातून कधी गेले नाहीत. पुढे मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवू लागलो, आणि मुलीने हट्ट धरल्यावर घरी एक काचेची टाकी आणली. तिची लांबी ९० सेंटिमीटर, रुंदी ४५ सेंटिमीटर आणि पाण्याची उंची ४० सेंटिमीटर. गुणाकार करून पाहा : १६२ लिटर होतात. दगड आणि वाळू यांची जागा वजा केली की साधारण १५० लिटर पाणी उरते. त्यात समुद्री मिठाचे तयार मिश्रण घातले, इतके की दर किलोग्रॅम पाण्यात ३५ ग्रॅम क्षार असावेत. आणि त्यात सात छोटे मासे सोडले. हे मासे मूळचे प्रवाळभित्तींवर राहणाऱ्या जातींचे, पण बंदिवासात पैदास केलेले होते.

टाकीत जिवंत प्रवाळ मात्र नाहीत. प्रवाळभित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना आपल्या देशात २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. समुद्रातून ते काढून आणणे हा गुन्हा आहे. आमचे ‘प्रवाळ’ भट्टीत भाजलेल्या मातीचे आहेत.

दोन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यातली गोष्ट. रात्री दहाच्या सुमारास वादळी पाऊस सुरू झाला आणि वीज गेली. टाकीतील पंप, गाळक, दिवा सर्व बंद पडले. मी मनात म्हटले, मासे पाण्यातच तर आहेत. एका रात्रीत पाण्याचे असे काय बिघडणार? आणि झोपी गेलो. पहाटे पाच वाजता मुलीने हाका मारून उठवले. विजेरीच्या उजेडात पाहतो तो काय, पाच मासे पृष्ठभागाशी तोंड वर करून धापा टाकत होते. दोन तळाशी पडले होते.

“बाबा, पाण्यात राहून ते गुदमरले कसे?” तिने विचारले. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला या प्रश्नाचे उत्तर रात्रीच सुचायला हवे होते. ते आज तुम्हाला सांगतो.

१५० लिटर पाणी, पण प्राणवायू किती?

मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो. समुद्राच्या पाण्यात २८ अंश सेल्सिअस तापमानाला फार तर ६.४ मिलिग्रॅम प्राणवायू दर लिटरमध्ये मावतो. त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यात ७.८ मिलिग्रॅम मावतो. म्हणजे खाऱ्या पाण्यातील माशाच्या वाट्याला मुळातच सुमारे पाचवा हिस्सा कमी. पाणी जसजसे गरम होते तसतसा हा साठा आणखी घटतो.

आता हिशेब करा. १५० गुणिले ६.४ म्हणजे ९६० मिलिग्रॅम. संपूर्ण टाकीत एक ग्रॅमसुद्धा प्राणवायू नाही! एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. म्हणजे आमच्या त्या ‘समुद्रा’तील सगळा प्राणवायू साडेतीन लिटर हवेत मावला असता. आणि त्यावर हक्क सांगणारे केवळ सात मासे नव्हते. दगडांवर, वाळूत आणि गाळकात असंख्य जिवाणू राहतात. त्यांनाही प्राणवायू लागतो. शिवाय त्या संध्याकाळी मी खाद्य जरा जास्तच टाकले होते. उरलेले खाद्य कुजतानाही प्राणवायूच खर्च होतो.

आता तुम्ही म्हणाल, टाकी वरून उघडी होती ना? मग हवेतला प्राणवायू पाण्यात का उतरला नाही? तो उतरतो, पण फक्त विसरणाने, आणि विसरण फार सावकाश चालते. स्थिर पाण्यात प्राणवायूच्या रेणूला एक सेंटिमीटर खाली सरकायला सरासरीने सात तास लागतात. मग ४० सेंटिमीटरला किती? सात गुणिले चाळीस नव्हे! विसरणाचा काळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून सातला १६०० ने गुणावे लागते. ११,२०० तास, म्हणजे सव्वा वर्षाहून अधिक!

पंपाचे खरे काम आता ध्यानात आले असेल. पंप प्राणवायू तयार करीत नाही. तो तळाचे पाणी वर आणतो आणि वरचे खाली नेतो, एवढेच. समुद्रात हे काम लाटा आणि भरती-ओहोटी करतात. त्या रात्री आमचा समुद्र थांबला होता.

हे केवळ घरगुती टाकीचे दुखणे नाही. ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराला कतरिना चक्रीवादळाने झोडपले. तेथील भव्य मत्स्यालयातील जनित्र बंद पडले आणि सुमारे दहा हजार माशांपैकी बहुतेक सर्व दगावले. तेथील टाक्या आमच्या टाकीच्या कितीतरी पट मोठ्या होत्या, पण नियम तोच लागू पडला.

आणि उपाय? तो स्वयंपाकघरात आहे. एक स्वच्छ मग घ्यावा, टाकीतले पाणी भरावे आणि वीतभर उंचीवरून परत टाकीत ओतावे. पडणारे पाणी हवा घेऊन जाते आणि टाकीतील पाणी ढवळलेही जाते. दर पंधरा मिनिटांनी चाळीस-पन्नास मग पुरतात. घटावर चालणारा छोटा हवापंप असेल तर उत्तमच.

दुसरी चूक : घाई

मी मगाने पाणी ओतू लागलो. थोड्या वेळाने वीज आली. आनंदाच्या भरात मी सगळी बटणे एकदम दाबली. गाळकाच्या नळीतून काळपट, दुर्गंधी पाणी टाकीत आले.

असे का व्हावे? आमचा गाळक बंद डब्याचा होता. त्यातील जिवाणू एरवी मोठे उपकार करतात. माशांच्या उत्सर्गातून निघणाऱ्या अमोनियाचे ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट विषारी. नायट्रेट त्या मानाने पुष्कळ निरुपद्रवी. पण हे जिवाणू प्राणवायूवर काम करतात. बंद डब्यात रात्रभर कोंडल्यावर त्यांतील बरेच मेले, कुजले, आणि ते सडके पाणी पंपाने टाकीत ढकलले. वीज काही तास गेली असेल तर असा गाळक उघडून आतले पाणी ओतून द्यावे, जाळ्या टाकीतीलच थोड्या पाण्यात खळबळाव्यात आणि मगच तो सुरू करावा. नळाच्या पाण्यात त्या धुऊ नयेत, कारण त्यातील क्लोरीन उरलेल्या जिवाणूंनाही मारील.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरे होते. मी पाण्याचा सामू मोजला. तो ८.२ असायला हवा; भरला ७.६. रात्रभरात श्वसनातून साठलेल्या कार्बन डायऑक्साइडचे आम्ल झाले होते. मी धुण्याच्या सोड्याचे द्रावण करून ओतले. काही मिनिटांत सामू ८.४ झाला. मला धन्य वाटले. तासाभरात तिसरा मासा गेला.

येथील रसायनशास्त्र नीट समजून घ्या. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो : अमोनिया वायू आणि अमोनियम आयन. माशाच्या कल्ल्यातून सहज आत शिरणारे आणि खरे घातक रूप पहिले. सामू कमी असला की बहुतेक सगळा अमोनिया आयनाच्या रूपात राहतो. सामू वाढला की त्याचे वायूत रूपांतर होते. ७.६ वरून ८.४ वर जाताना विषारी हिस्सा पाच-सहा पट वाढतो. मी एक आकडा सुधारला आणि दुसरा बिघडवला, तोही न मोजता! खरे तर खिडक्या उघडून पाणी ढवळत राहिलो असतो, तर कार्बन डायऑक्साइड आपोआप उडून गेला असता आणि सामू हळूहळू वर आला असता.

अमोनिया आढळला तर खरा उपाय म्हणजे पाणी बदलणे. तेही एकदम नव्हे. एका वेळी चौथा हिस्सा. नव्या पाण्याचे तापमान आणि खारटपणा टाकीतल्या पाण्याइतकाच हवा. आमच्याकडे आता ४० लिटर तयार खारे पाणी पिंपात नेहमी भरलेले असते. आटगावात ऐन वेळी समुद्र कोठून आणणार?

माठाचा धडा

हिवाळ्यात आमच्याकडे रात्री चांगल्याच गार असतात, म्हणून टाकीत १५० वॅटचा तापक आहे. १५० लिटर खारे पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ६०० किलोज्यूल उष्णता लागते. १५० वॅटने भागा : ४००० सेकंद, म्हणजे तासाहून थोडे अधिक. तापकाचे बटण चालू अवस्थेत अडकले तर पाणी सुरुवातीला तासाला जवळजवळ एक अंश चढेल. म्हणून एका मोठ्या तापकाऐवजी दोन लहान बरे. एक बंद पडला तर दुसरा निभावून नेतो. एक अडकला तरी तो एकटा पाणी फार तापवू शकत नाही.

उन्हाळ्यात संकट उलटे. येथे माठ आठवा. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे टाकीतील एक लिटर पाणी उडाले, तर उरलेले पाणी चार अंशांनी निवू शकते. अर्थात बाहेरून उष्णता आत आली नाही तर. एक लिटर पाण्याचा बर्फ बाटलीत बंद करून टाकीत सोडला, तर जेमतेम पाऊण अंश फरक पडतो. म्हणून झाकण काढावे आणि पाण्यावर वारा घालावा. हवा दमट असेल तर मात्र हा उपाय लंगडा पडतो.

वाफ होते ती फक्त पाण्याची. मीठ मागेच राहते. १५० लिटरमधून पाच लिटर उडाले की ३५ चा खारटपणा ३६.२ होतो. म्हणून ही तूट क्लोरीन नसलेल्या गोड्या पाण्याने भरावी, खाऱ्या पाण्याने नव्हे.

आधी हात कोरडे

एक गोष्ट विसरू नका. समुद्राचे पाणी नळाच्या पाण्यापेक्षा शंभरपटीहून अधिक चांगले विद्युतवाहक आहे. टाकीत हात घालण्यापूर्वी सर्व उपकरणांचे प्लग काढावेत. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळासारखी लोंबू द्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. गळती होताच वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे सुरक्षा-उपकरण घरात बसवून घ्यावे. हवापंप टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा. तो खाली असेल तर वीज जाताच त्याची नळी वक्रनलिका बनते आणि टाकीतले पाणी पंपात आणि जमिनीवर येते.

भिंतीवरचा कागद

त्या जूननंतर मुलीने एक कागद लिहून टाकीजवळ चिकटवला. त्यावर चारच ओळी आहेत :

हवा – काही तासांत संपते.
तापमान – काही तासांत ते एका दिवसात बिघडते.
अमोनिया – एक-दोन दिवसांत वाढतो.
मीठ – आठवड्याभरात चढते.

खाली लाल शाईने : “हवा लगेच. बाकी सगळे मोजून आणि सावकाश. खाद्य बंद!”

गेल्या मे महिन्यात दुपारी चार वाजता वीज गेली ती रात्री दोनला आली. आम्ही पाळ्या लावल्या. मुलगी, तिची आई आणि मी, आळीपाळीने मग घेऊन बसलो. बंद गाळक काढून त्यातील जाळ्या टाकीतच मोकळ्या ठेवल्या, झाकण काढले, खिडक्या उघडल्या. सोड्याचा डबा कपाटातून बाहेरसुद्धा काढला नाही. सकाळी उरलेले चारही मासे नेहमीप्रमाणे खाद्यासाठी काचेशी आले. मुलगी त्या दिवशी वर्गात पेंगली म्हणे. तिच्या शिक्षकांनी कारण ऐकून तिला माफ केले.

समुद्र एका रात्रीत बिघडत नाही, कारण तो अफाट आहे आणि कधी थांबत नाही. आपल्या टाकीला हे दोन्ही लाभलेले नाही. ती उणीव आपल्या जागरणाने, मोजमापाने आणि धीराने भरून काढायची असते.

करून पाहा : दोन काचेचे पेले पाण्याने भरा आणि तासभर स्थिर ठेवा. प्रत्येकात पोटॅशियम परमँगनेटचा एक छोटा स्फटिक अलगद तळाशी सोडा. एक पेला चमच्याने ढवळा, दुसरा हलवू नका. दुसऱ्या पेल्यात रंग एक सेंटिमीटर वर चढायला किती वेळ लागतो? दोन सेंटिमीटरला दुप्पट लागतो की चौपट? आलेख काढा, आणि तुमचे उत्तर सात तासांपेक्षा बरेच कमी आले तर पाणी खरोखर स्थिर होते का, याचा विचार करा.