हमरस्त्यावरचे राजघराणे

दिल्लीहून मथुरा-आग्र्याकडे जाणाऱ्या हमरस्त्याने फरीदाबादची कारखान्यांची वस्ती मागे टाकली, की बल्लभगड लागते. दिल्ली मेट्रोची व्हायोलेट मार्गिकाही 2018 पासून येथेच येऊन थांबते, आणि तिच्या अखेरच्या दोन स्थानकांना संत सूरदास आणि राजा नाहरसिंह यांची नावे देण्यात आली आहेत. जवळचे सीही हे गाव सूरदासांचे जन्मग्राम होय, अशी या भागातील परंपरा आहे. परंतु ज्या राजघराण्याचा नाहरसिंह हा शेवटचा अधिपती, त्याचे मूळही याच सीहीत सापडते, ही गोष्ट मात्र तेथे चढणाऱ्या-उतरणाऱ्यांपैकी फार थोड्यांस ठाऊक असेल.

राजवंशाचा इतिहास म्हटला, की सूर्यापासून किंवा चंद्रापासून निघालेली वंशावळ आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. बल्लभगडच्या जाट राजांची वंशावळ एका वाटमाऱ्यापासून निघते, आणि यात त्यांना कमीपणा आणणारे काही आहे असे मला वाटत नाही, कारण अठराव्या शतकात पुढे आलेल्या अनेक घराण्यांचे मूळ जरा खणले तर असाच दगड लागेल. गोपालसिंह नावाचा हा पुरुष 1705 च्या सुमारास सीही येथे येऊन राहिला, आणि दिल्ली-मथुरा वाटेवरील काफिले लुटून त्याने पैसा, माणसे आणि दरारा ही तिन्ही संपादन केली. तिगाव येथील गुजरांशी सख्य करून त्याने त्या टापूतील रजपूत चौधरी अमजद यास ठार केले, तेव्हा फरीदाबादचा मोगल अंमलदार मुर्तजाखान याने, जो आवरत नाही त्याला पदरी घ्यावे या जुन्या राजनीतीस अनुसरून, 1710 मध्ये त्यालाच फरीदाबाद परगण्याची चौधराई दिली आणि वसुलातील रुपयामागे एक आणा त्याचा हक्क म्हणून ठरवून दिला. फरीदाबाद हे गाव शेख फरीद या जहांगिराच्या खजिनदाराने 1607 मध्ये वसविले ते याच वाटेच्या बंदोबस्तासाठी. वाट राखण्यासाठी वसविलेल्या गावाच्या अंमलदाराने वाट लुटणाऱ्याच्याच हाती परगणा द्यावा, यावरून औरंगजेबाच्या पश्चात दिल्लीचा अंमल किती खिळखिळा झाला होता, हे निराळे सांगावयास नको.

गोपालसिंह वर्षभरातच वारला. त्याचा मुलगा चरणदास याने वसूल केलेला पैसा सरकारात भरणेच बंद केले आणि त्यापायी फरीदाबादच्या किल्ल्यात कैद भोगली. त्याचा मुलगा बलराम याने खंडणी भरण्याच्या मिषाने मुर्तजाखानास चकवून बापाला सोडविले. पुढे भरतपूरच्या सूरजमल जाटाचे पाठबळ मिळवून पितापुत्रांनी खानाचा निकाल लावला. ज्याने बादशाही अंमलदार मारला, त्याच बलरामास बादशहाने ‘राव’ हा किताब आणि नायब बक्षीचे पद बहाल केले, आणि त्या सन्मानाप्रीत्यर्थ त्याने किल्ला व वाडा बांधून आपल्या नावाची बल्लभगड ही वस्ती उभी केली. अर्थात खुनाचा हिशेब असा मिटत नसतो. मुर्तजाखानाचा मुलगा आकिबत महमूद याच्या छावणीत 29 नोव्हेंबर 1753 रोजी बलराम देण्याघेण्याच्या वाटाघाटीसाठी गेला असता बोलण्यावरून बोलणे वाढले, हात तलवारीकडे गेला, आणि तो तेथेच मारला गेला.

मराठी नाट्यरसिकांना अशा रक्तलांछित वारशाची ओळख झाली ती शिवराम महादेव परांजपे यांच्या ‘मानाजीराव’ या नाटकातून, म्हणजे पर्यायाने शेक्सपियरच्या ‘मॅक्बेथ’मधून. नाटकात मॅक्बेथ म्हाताऱ्या डंकन राजाचा झोपेत खून करून गादी घेतो. पण इतिहासातला स्कॉटलंडचा राजा डंकन हा म्हातारा नव्हता, आणि 1040 मध्ये तो शय्येवर नव्हे, तर लढाईत पडला. मॅक्बेथनेही त्यानंतर सतरा वर्षे राज्य केले. त्या देशात ज्येष्ठ पुत्रालाच गादी, हा नियम तेव्हा पुरता रुळला नव्हता. एकाच कुळाच्या शाखाशाखांतून समर्थ पुरुष पुढे येई, आणि सामर्थ्य सिद्ध करण्याचा मार्ग पुष्कळदा भाऊबंदाच्या रक्तातून जाई. बल्लभगडलाही बलरामाचा नातू अजितसिंह 1793 मध्ये आपल्या सख्ख्या भावाच्या, जालिमसिंहाच्या, हातून मारला गेला. गादी मात्र अजितसिंहाचा मुलगा बहादूरसिंह यालाच मिळाली.

पण तत्पूर्वी या किल्ल्याचा आणि मराठ्यांचा जो संबंध आला, तो आपल्या वाचकांपुढे विशेषेकरून मांडण्याजोगा आहे. बलरामाच्या पश्चात सूरजमलने त्याचे पुत्र बिशनसिंह व किशनसिंह यांना हाताशी धरून येथे आपला अंमल बसविला होता. 1757 च्या जानेवारीत अहमदशहा अब्दाली दिल्लीत शिरला, तेव्हा पेशव्यांच्या वतीने उत्तरेत राहिलेला अंताजी माणकेश्वर आपल्या तुटपुंज्या पथकानिशी फरीदाबादेस अफगाणांशी झुंजला आणि संख्येपुढे निरुपाय होऊन मथुरेकडे हटला. नंतर सूरजमलचा मुलगा जवाहरसिंह बल्लभगडात राहून अफगाणांच्या टोळ्यांवर छापे घालू लागला, त्या वेळी अंताजीही त्याच्याबरोबर किल्ल्यात होता. अब्दालीने स्वतः येऊन मोर्चे लावले. तोफांपुढे तट टिकण्याची आशा राहिली नाही, तेव्हा मार्चच्या आरंभी एका रात्री हे दोघे वेषांतर करून वेढ्यातून निसटले, आणि मागे राहिलेल्यांची कत्तल झाली. जाट आणि मराठे यांच्यातील वैमनस्याविषयी आपण पुष्कळ वाचतो, कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडला ते तर अवघ्या तीन वर्षांमागचे. म्हणूनच या एका किल्ल्यात दोघे खांद्याला खांदा लावून लढले, हे लक्षात ठेवले पाहिजे. अंताजीचा शेवट पानिपतानंतरच्या पळापळीत, फर्रुखनगरकडील बलुच जमीनदारांच्या हातून झाला.

पुढे महादजी शिंद्यांच्या हाती दिल्लीची सूत्रे आली, आणि 1803 मध्ये त्यांचे वारस दौलतराव यांच्या फौजेचा पराभव करून लॉर्ड लेकने ती घेतली. इंग्रजांनी बहादूरसिंहाचा मुलूख त्याच्याकडे कायम केला, एवढेच नव्हे, तर दुसऱ्याच वर्षी पाली व पाकल हे परगणेही दिले, आणि त्यांच्या मोबदल्यात दिल्लीपासून पलवलपर्यंतच्या हमरस्त्याचा बंदोबस्त ठेवण्याचे काम त्याच्या माथी घातले. शंभर वर्षांपूर्वी गोपालसिंह जी वाट लुटत होता, तिचीच राखण आता त्याच्या वंशजाला सनदेने मिळाली. या घराण्याची खरी जहागीर जमीन नव्हे, वाट होती, असे माझे मत आहे. दिल्लीवर जो कोणी बसे, त्याला ही वाट चालती हवी असे, आणि ती चालती ठेवणे किंवा अडविणे हे यांच्या हाती असल्यामुळेच इतक्या लहान राज्याला इतका मान मिळाला.

बहादूरसिंहानंतरची नामावली झपाट्याने पुढे सरकते. तो आणि त्याचा मुलगा नारायणसिंह 1806 या एकाच वर्षी गेले. अनिरुद्धसिंह 1818 पर्यंत राहिला. त्याचा अज्ञान पुत्र साहिबसिंह 1825 मध्ये निपुत्रिक वारला, तेव्हा घराण्यातील वडीलधारा रामसिंह गादीवर आला, आणि 1829 मध्ये त्याच्यामागून बालवयातील नाहरसिंह. कारभारी, आप्त आणि कंपनीचे अधिकारी यांच्या ओढाताणीत त्याचे बालपण गेले.

1857 च्या मे महिन्यात दिल्लीत पुन्हा बादशाही पुकारली गेली, तेव्हा हा तरुण राजा विलक्षण पेचात सापडला. त्याने बहादूरशहाशी पत्रव्यवहार ठेवला, राजधानीच्या दक्षिणेची वाट राखली, आणि त्याच वेळी काही गोऱ्या माणसांना आश्रयही दिला. याला कोणी दुटप्पीपणा म्हणेल. पण दोन सत्तांच्या मधोमध ज्याचा मुलूख पसरला आहे, त्याला दोन्हीकडे पत्रे लिहावीच लागतात, आणि नाहरसिंहाच्या पूर्वजांनी याहून निराळे काय केले होते? फरक एवढाच, की मोगलांनी मारेकऱ्याला किताब दिला, इंग्रजांनी तडजोडीस जागा ठेवली नाही. सप्टेंबरमध्ये दिल्ली पडली. लष्करी न्यायासनापुढे बादशहास लिहिलेली पत्रेच पुराव्यादाखल आली, आणि 9 जानेवारी 1858 रोजी चांदणी चौकात कोतवालीसमोर, पस्तिशीच्या आसपास असलेल्या नाहरसिंहास फाशी देण्यात आले. झज्जरचे नवाब अब्दुर्रहमानखान आदल्या महिन्यात गेले होते. फर्रुखनगरचे अहमदअलीखान त्याच जानेवारीत गेले.

संस्थान खालसा होऊन दिल्ली जिल्ह्यात मिळविण्यात आले. 1912 मध्ये दिल्लीचा स्वतंत्र प्रांत झाला, तेव्हा बल्लभगड तहसिलीचा मोठा भाग गुडगाव जिल्ह्याकडे गेला, आणि 1979 मध्ये तो नव्या फरीदाबाद जिल्ह्यात आला. नाहरसिंहाच्या वाड्यात हरियाणाच्या पर्यटन खात्याने हॉटेल थाटले आहे.