दाढ सांगते, काय खाल्लं!

तंजावरच्या बाहेर पडलं की कावेरीच्या पाण्यावरची भातशेती सुरू होते. तिथे गेलात तर भाताच्या पानावरून टोकाकडून देठाकडे बोट फिरवून बघा. हळूच हं, कापेल! भात हेही एक गवतच. गवत जमिनीतली सिलिका शोषून पानांत साठवतं. वाळूचे कण जिचे बनतात ना, तीच सिलिका.

आणि गाई-म्हशी जन्मभर याच भाताचा पेंढा चघळतात! दाढा झिजत नाहीत? झिजतात तर. पण गाईची दाढ उंच असते, बरीचशी जबड्यात दडलेली. टोक झिजलेली पेन्सिल टोकयंत्रात पुढे सरकवावी, तशी ती हळूहळू वर येते. आपल्या दाढा बुटक्या. आपण पेंढा खायला लागलो तर दातांच्या डॉक्टरांची चंगळच.

म्हणून जमिनीत एखादी उंच दाढ सापडली की शास्त्रज्ञ कान टवकारतात.

करदंटासाठी प्रसिद्ध असलेलं बेळगाव जिल्ह्यातलं गोकाक माहीत आहे ना? तिथे आणि तेलंगणातल्या नसकलला, लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळात अशा दाढा मिळाल्या. उंची जेमतेम 6 ते 8.5 मिलिमीटर! वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं, म्हणजे डायनासोरांच्या अखेरच्या काळातलं. 2007 साली दोन गटांनी या प्राण्याला दोन नावं दिली, ‘भारतथेरियम’ आणि ‘दक्षिणा’. जे नाव आधी छापलं जातं तेच टिकतं, असा नियम. म्हणून भारतथेरियम जिंकलं. (मला दक्षिणा जास्त गोड वाटलं होतं.)

पण डायनासोरांच्या काळात गवत होतं कुठे? गवत नंतर आलं, असंच बरीच वर्षं मानत होते. दाढ उंच आहे म्हणून प्राणी गवतच खायचा, असं शपथेवर सांगता येत नाही. पाल्यावरच्या धुळीनेही दात झिजतात. मग साक्षीदार सापडला, आणि तोही कुठे? डायनासोरच्या शेणात! चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा गावाजवळ दगड झालेलं शेण मिळतं. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ते तपासलं, तर आत गवताच्या पानांतले सिलिकाचे सूक्ष्म कण. एक-दोन नाही, निदान पाच प्रकारच्या गवतांचे! 2005 साली ही बातमी जगभर गाजली. पुढे 2011 मध्ये त्या शेणात भाताच्या कुळातल्या गवताच्याही खुणा दिसल्या.

म्हणजे आपला चिमुकला भारतथेरियम गवत चरत असणार, हे आता पटण्यासारखं आहे. तो दिसायचा कसा? भारतात त्याचे सुटे दातच मिळालेत. मादागास्करमध्ये मात्र गंमत झाली. माशांच्या जीवाश्मांसाठी आणलेल्या एका दगडाचं सीटी स्कॅन केलं, तर आत भारतथेरियमच्या एका नातेवाइकाची अख्खी कवटी! ‘विंताना’ असं त्याचं नाव. डोळे मोठाले आणि वजन अंदाजे नऊ किलो.