तालमीची थंडाई आणि आपली पुडी

गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींचे पैलवान म्हणजे आपल्या अत्तार आणि किराणावाल्या भाईंचे जुने गिऱ्हाईक. थंडाईला बदाम, खसखस, बडीशेप, वेलदोडे लागतात. आखाड्याच्या तांबड्या मातीत तेल, ताक, हळद पडते. हात निखळला तर हाडवैद्य आहेच. कोरियाचे खेळाडूही जिनसेंग घेतात, सुया टोचून घेतात. आम्ही कापडवाले, पण या व्यवहारात एक गोष्ट आम्हाला खटकते.

पैलवान मातीवरून मॅटवर गेला की लघवीची तपासणी आली. बंदीचे द्रव्य सापडले तर जबाबदार तोच, मग ते कुणीही दिलेले असो. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेले नरसिंग यादव यांनी आपल्या खाण्यात कुणी तरी मिसळल्याचे सांगितले. क्रीडा लवादाने ते मानले नाही. २०१६ मध्ये ऐन रिओ ऑलिंपिकच्या वेळी चार वर्षांची बंदी बसली.

साध्या खसखशीनेही लघवीत मॉर्फिन दिसू शकते, आणि स्पर्धेच्या काळात त्याला बंदी आहे. म्हणून कुस्तीआधी दोन-तीन दिवस थंडाईत खसखस नको, हे गिऱ्हाइकाला दुकानदारानेच सांगावे. चिनी आणि कोरियन काढ्यांतल्या माहुआंग या वनस्पतीत एफेड्रिन असते, तेही बंदीच्या यादीत आहे.

खरी भीती बिननावाच्या ‘ताकदीच्या’ पुडीची. आत काय आहे हे विकणाऱ्यालाच ठाऊक नसते. अशी पुडी ठेवूच नये. बाकी मालावर घटकांची चिठ्ठी लावावी, पक्के बिल द्यावे.