घरातील कुत्रा : त्याची भाषा व त्याची काळजी

सायंकाळी घरातील माणूस कामावरून परततो. त्याचे पाऊल जिन्याच्या पहिल्या पायरीवर पडते न पडते तोच घरचा कुत्रा दाराशी येऊन उभा राहतो. इतरांना अद्याप काहीही ऐकू आलेले नसते. दार उघडताच तो अंगावर उड्या घेतो, हात चाटतो आणि जणू आलेला मनुष्य काशीयात्रेहूनच परतला आहे असा आनंद करतो. कुत्रा पाळणाऱ्या कुटुंबास ह्या स्वागताचे मोल सांगावयास नको. परंतु हाच कुत्रा दिवाळीच्या रात्री पलंगाखाली थरथरत बसतो, पाहुण्यांचे जोडे कुरतडतो, वैशाखातील दुपारी धापा टाकीत पडून राहतो आणि एखादे वेळी शेजारच्या मुलास दात लावून साऱ्या घराची झोप उडवितो. ह्या आनंदाचे व ह्या काळजीचे मूळ पुष्कळ अंशी एकच आहे. कुत्रा माणसाच्या इतका निकट राहतो की, तो आपल्यासारखेच पाहतो, ऐकतो, घाम गाळतो आणि लाजतो असे घरच्यांना वाटू लागते. वास्तविक त्याचे शरीर व त्याची ज्ञानेंद्रिये आपल्याहून फार निराळी आहेत.

हे साहचर्य अतिशय जुने आहे. जर्मनीतील बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली एक पुरुष व एक स्त्री यांच्या सांगाड्यांसमवेत कुत्र्याच्या अस्थी मिळाल्या. त्यांचे वय सुमारे १४,००० वर्षे ठरविण्यात आले आहे. तो कुत्रा सुमारे सात महिन्यांचा असावा. त्याच्या दातांवरील खुणांचा अभ्यास करून, तो लहानपणी दीर्घकाळ आजारी होता व माणसांनी शुश्रूषा केल्यावाचून तो इतके दिवस जगला नसता, असा निष्कर्ष संशोधकांनी २०१८ साली काढला. आपल्या देशात काश्मीरमधील बुर्झहोम येथील नवाश्मयुगीन वसाहतीत माणसांबरोबर कुत्रे पुरलेले आढळले आहेत. महाराष्ट्रात दायमाबाद येथे १९७४ साली सापडलेल्या धातूच्या रथाच्या दांडीवरही एक लहानसा कुत्रा उभा आहे.

जिन्यावरील पाऊल कुत्र्यास आधी कसे कळते? मनुष्याचा कान दर सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचाच ध्वनी ग्रहण करू शकतो, तर कुत्र्याचा कान सुमारे ४५,००० कंपनांपर्यंत पोहोचतो. शिवाय दुरून येणारे क्षीण आवाजही तो आपल्याआधी टिपतो. तथापि त्याचे खरे ज्ञानेंद्रिय म्हणजे त्याचे नाक. नाकपुडीच्या बाजूस असलेल्या चिरांतून तो श्वास बाहेर सोडतो. त्यामुळे समोरून आत येणाऱ्या गंधास अडथळा होत नाही. सकाळी फिरावयास नेलेला कुत्रा प्रत्येक खांबाशी थबकतो, तेव्हा साखळी ओढणाऱ्या धन्यास तो आळशीपणा वाटतो. वास्तविक त्या परिसरातून कोण गेले, केव्हा गेले, नर की मादी, ही सर्व वार्ता तो त्या वेळी वाचीत असतो. त्याला थोडे वाचू द्यावे. दृष्टीच्या बाबतीत मात्र तो आपल्यामागे आहे. निळा व पिवळा हे रंग त्याला ओळखता येतात. तांबडा व हिरवा यांतील भेद त्याला नीटसा कळत नाही. म्हणून हिरवळीवर फेकलेला तांबडा चेंडू शोधताना तो गोंधळतो, ते मूर्खपणामुळे नव्हे.

माणसाचा चेहरा वाचण्यात मात्र त्याने विलक्षण प्रावीण्य मिळविले आहे. कुत्रा व त्याचा धनी यांनी एकमेकांकडे काही काळ टक लावून पाहिल्यास दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक वाढते, असे जपानमधील संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले. माता व तान्हे मूल यांच्यातील वात्सल्याशी हेच संप्रेरक निगडित आहे. पुढे २०१९ साली आणखी एक गोष्ट उघडकीस आली. भुवईची आतील कड वर उचलणारा एक लहानसा स्नायू कुत्र्यांत चांगला विकसित झालेला असतो, पण लांडग्यांत तो जवळजवळ नसतोच. तो केविलवाणा, मोठ्या डोळ्यांचा चेहरा, ज्यापुढे ताटातील पोळीचा तुकडा खाली टाकल्यावाचून राहवत नाही, तो ह्या स्नायूची करामत होय.

शेपटीविषयी आपल्याकडे म्हण आहे की, ती नळीत घातली तरी वाकडी ती वाकडीच. म्हण रचणाऱ्याने आकार पाहिला. इटलीतील शास्त्रज्ञांनी दिशा पाहिली. २००७ साली त्यांना असे आढळले की, धनी दिसताच कुत्र्याची शेपटी त्याच्या उजव्या बाजूस अधिक झुकते आणि अनोळखी, दांडगा कुत्रा दिसताच डाव्या बाजूस. तेव्हा शेपटी हलते म्हणजे कुत्रा प्रसन्नच आहे, असे समजून परक्या कुत्र्याजवळ मुलांना जाऊ देणे धोक्याचे आहे. ताठ, उंच धरलेली व जलद थरथरणारी शेपटी ही बहुधा इशाऱ्याची खूण असते.

आता एका गैरसमजाचा विचार करू. त्यापायी घरोघरच्या कुत्र्यांना विनाकारण मार खावा लागतो. घरचे लोक बाहेर गेले असता कुत्र्याने उशी फाडली. परत आल्यावर त्याने मान खाली घातली, कान मागे पाडले, नजर चुकविली. पाहणारा म्हणतो, ‘पाहा, ह्याला आपली चूक कळते आहे!’ न्यूयॉर्कमधील संशोधिका अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली ह्या समजुतीची कसोटी पाहिली. धन्याने आपल्या कुत्र्यास खाऊ न खाण्याची आज्ञा करून खोलीबाहेर जावयाचे. त्याच्या पाठीमागे कधी कुत्र्याला खाऊ खाऊ द्यावयाचा, कधी नाही. आणि परतणाऱ्या धन्यास कधी खरे सांगावयाचे, कधी खोटे. निष्कर्ष असा की, ‘अपराधी’ चेहऱ्याचा संबंध अपराधाशी नव्हता, धन्याच्या रागावण्याशी होता. किंबहुना काहीही न खाता ज्यांना बोलणी खावी लागली, त्यांचाच चेहरा अधिक अपराधी दिसला! ती मुद्रा पश्चात्तापाची नसून समोरच्याचा राग शांत करण्याची आहे. म्हणून दोन तासांपूर्वीच्या कृत्याबद्दल कुत्र्यास मारले असता तो त्या कृत्याचा व माराचा संबंध जोडू शकत नाही. धन्याच्या घरी येण्याचीच त्याला भीती वाटू लागते, इतकेच. कुरतडण्याची कारणे शोधावयाची तर ती अन्यत्र आहेत. पिलाचे २८ दुधाचे दात साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यात पडून त्यांच्या जागी ४२ कायमचे दात येतात, तेव्हा हिरड्या शिवशिवतात. वाढ झालेला कुत्रा दिवसभर एकटा राहिला, तर कंटाळा व बेचैनी यांपायी तो हाती लागेल ते फाडतो.

पिलाच्या आयुष्यातील तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा काळ विशेष मोलाचा असतो, असे स्कॉट व फुलर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६५ साली आपल्या ग्रंथात मांडले. ह्या काळात जी माणसे, जे आवाज व जे प्राणी भेटतात त्यांची भीती पुढे सहसा वाटत नाही. परंतु येथे गृहस्थापुढे एक पेच उभा राहतो. ह्याच वयात पिलाच्या लसी पूर्ण झालेल्या नसतात, आणि १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला पार्व्हो विषाणूचा अतिसार रस्त्यावरील विष्ठेतून सहज लागून पिलाचा प्राण घेऊ शकतो. ह्यावर तोड अशी की, पिलाला कडेवर घेऊन बाहेरचे जग दाखवावे, घरी येणाऱ्याजाणाऱ्यांची ओळख करून द्यावी. पण लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडू नये.

भारतात कुत्रा पाळणाऱ्यास उन्हाळ्याइतकी दुसऱ्या कोणत्याही ऋतूची काळजी वाहावी लागत नाही. निरोगी कुत्र्याचे तपमान सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. तेव्हा हाताला त्याचे अंग कोमट लागले म्हणजे ताप आला असे नव्हे. मनुष्य सर्वांगाने घाम गाळून थंड होतो. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यत्वे पायांच्या तळव्यांना, आणि तेवढा पुरत नाही. त्याची सारी भिस्त धापेवर असते. जलद श्वासाबरोबर जीभ, तोंड व नाक यांवरील ओलावा वाफ होऊन जातो आणि जाताना शरीरातील उष्णता घेऊन जातो. मुंबई, चेन्नई, कोलकाता येथील हवा आधीच दमट असते. तीत वाफ होणे मंदावते. दिल्ली-नागपूरकडे हवा कोरडी खरी, पण ती स्वतःच तापलेली असते. बसक्या नाकाच्या पग जातीच्या कुत्र्यास श्वासमार्ग आखूड व अरुंद असल्यामुळे नीट धापही टाकता येत नाही. सायबेरियातील बर्फासाठी घडलेला हस्की मैदानी शहरातील सदनिकेत आणून ठेवणे ही तर धन्याची हौस आणि कुत्र्याची शिक्षा होय. राजपालयम, मुधोळ, रामपूर ह्या आखूड केसांच्या देशी जाती, किंवा आपल्या गल्लीतला साधा गावठी कुत्रा, येथील हवेत अधिक सुखी असतो. भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांवर तिकिटे काढली, त्यांत ह्या तिन्ही जातींना स्थान मिळाले होते.

उन्हाळ्यात फिरावयास नेण्याची वेळ सूर्योदयापूर्वीची किंवा रात्रीची ठेवावी. डांबरी रस्त्यावर हाताची पालथी बाजू क्षणभर टेकवून पाहावी. ती टेकवत नसेल, तर कुत्र्याचे तळवेही तेथे भाजणारच. बंद मोटारीत त्याला पाच मिनिटेदेखील सोडू नये. धाप अनावर झाली, लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक झाल्या आणि पाय लटपटू लागले, तर तो उष्माघात समजावा. त्या वेळी त्याला सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतीत राहावे, वारा घालावा आणि नंतर विलंब न लावता पशुवैद्याकडे न्यावे. आधी थंड करावयाचे, मग न्यावयाचे, हा क्रम महत्त्वाचा आहे.

दिवाळीविषयी थोडेसे. जो कान जिन्यावरील पाऊल ओळखतो, त्याच्याजवळ फटाका फुटला म्हणजे काय होत असेल, ह्याची कल्पना करता येईल. त्या रात्री घरातील सर्वांत आतल्या खोलीत त्याची जागा करावी, खिडक्या बंद ठेवाव्यात. तो पलंगाखाली लपला, तर ओढून बाहेर काढू नये. भेदरलेले कुत्रे उघड्या दारातून पळून जाऊन हरवतात, म्हणून गळ्यातील पट्ट्यास धन्याचा पत्ता असावा. ह्याच दिवसांत नेपाळमध्ये, तसेच दार्जिलिंग व सिक्कीमकडील नेपाळी भाषिकांत ‘कुकुर तिहार’ साजरा होतो. त्या दिवशी कुत्र्यांना झेंडूच्या माळा घालून, टिळा लावून गोडधोड खाऊ घालतात. सण एकच, पण कुत्र्याच्या वाट्याला तो किती भिन्न प्रकारे येतो!

गोडधोडावरून आठवण द्यावयास हवी ती स्वयंपाकघराची. कांदा व लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात; म्हणून आमटीभाजीचा उरलेला रस्सा त्याला घालू नये. चॉकलेट त्याला विषारी आहे. द्राक्षे व मनुका खाऊन काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. त्याबद्दलचा संशय अलीकडे टार्टारिक अम्लावर आहे, आणि ते चिंचेतही विपुल असते. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या त्याला देणे हा तर जिवाशी खेळ आहे.

सर्वांत गंभीर विषय रेबीजचा, म्हणजे आपण ज्याला कुत्रा पिसाळणे म्हणतो त्याचा. ह्या रोगाचे विषाणू कुत्र्याच्या लाळेत असतात. चावा, ओरखडा अथवा चाटलेली जखम यांतून ते शरीरात शिरतात आणि मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतात. ह्या प्रवासास बहुधा काही आठवडे ते काही महिने लागतात. विषाणू मेंदूत पोहोचून लक्षणे दिसू लागली की, रोगी सहसा वाचत नाही. परंतु तत्पूर्वीच्या अवकाशात लस दिली, तर शरीर प्रतिकारास सिद्ध होते. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर ह्या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचून ह्याच अवकाशाचा लाभ घेतला. आपल्या देशात कसौली येथे १९०० साली पाश्चर संस्था स्थापन झाली, आणि तेथेच १९११ साली डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस सिद्ध केली. ही लस दीर्घकाळ पोटात टोचीत असत. ‘पोटात चौदा सुया’ ही धास्ती तेव्हापासून घरोघर बसली आहे, आणि तिच्या भयाने आजही कित्येक लोक दवाखान्यात जाण्याचे टाळतात. ती लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आज सरकारी दवाखान्यांत प्रायः पहिल्या दिवशी व त्यानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी दंडाच्या त्वचेत अल्प प्रमाणात लस टोचतात. पोटाचा तिच्याशी काही संबंध उरलेला नाही.

चावा बसताच जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. साबण विषाणूचे स्निग्ध आवरण मोडतो, म्हणून हा उपाय साधा असला तरी फार मोलाचा आहे. जखमेत मिरचीपूड, चुना, हळद भरू नये. नंतर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जखम खोल असेल किंवा रक्त आले असेल, तर जखमेतच तयार प्रतिद्रव्ये टोचावी लागतात, कारण लशीचा परिणाम दिसावयास काही दिवस लागतात. चावणारा कुत्रा घरचा असो की पिलू असो, ह्यात सूट नाही. लहान पिलाच्या दातांकडे लोक कौतुकाने पाहतात आणि फसतात. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे हे खरे, परंतु त्याची वाट पाहत उपचार थांबवू नयेत. घरच्या कुत्र्यास तिसऱ्या महिन्याच्या सुमारास पहिली लस व पुढे पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणे पुनःपुन्हा लस टोचून घेणे हे केवळ त्याचे नव्हे, शेजारच्या मुलांचेही रक्षण होय. कुत्र्यांपासून माणसास होणाऱ्या रेबीजचे २०३० पर्यंत उच्चाटन करण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा २०२१ साली जाहीर झाला. तो अखेर अशा घराघरांवर अवलंबून आहे.

गोचिडांचा उपद्रव सांगावयाचा तर, केवळ कुत्र्याचे अंग स्वच्छ करून भागत नाही. गोचिडीची मादी रक्त पिऊन तट्ट फुगली की खाली गळून पडते व भिंतीच्या फटीत शेकड्यांनी अंडी घालते. तेव्हा फटी बुजविल्यावाचून सुटका नाही. पिलांच्या पोटातील जंत बहुधा आईच्या गर्भातूनच आलेले असतात, म्हणून जंतांचे औषध पहिल्या काही आठवड्यांतच सुरू करावे लागते.

कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा हिशेब सर्वतोमुखी आहे, पण तो बरोबर नाही. लॅब्रेडोर जातीवर २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार एक वर्षाचा कुत्रा सुमारे तीस वर्षांच्या माणसाइतका वाढलेला असतो. पुढे त्याचे वय सावकाश चढते आणि बाराव्या वर्षी तो सत्तरीच्या घरात येतो. ह्या वयात डोळ्यांवर निळसर झाक येते, कान जड होतात, आणि सायंकाळी जिन्यावर पाऊल वाजले तरी तो उठत नाही. घरच्यांना हा बदल फार लागतो. त्याच्या पाण्याचे भांडे, अंथरूण व घरातील सामान ह्या दिवसांत जागचे हलवू नये. गुळगुळीत फरशीवर त्याचे मागचे पाय घसरतात, म्हणून त्याच्या वाटेवर गोणपाट किंवा सतरंजी अंथरावी. नाक त्या मानाने अधिक काळ साथ देते. घरी येणाऱ्याने जवळ बसून हात त्याच्या नाकापुढे धरला, तर झोपेतून जागा होताना तो दचकत नाही.